फार्मसीचे विद्यार्थी : शिक्षण, नोंदणी आणि नोकरीच्या वाटा

बारावी सायन्सचा निकाल लागतो, मेडिकलला नंबर लागत नाही, इंजिनिअरिंगची आवड नसते आणि मग कोणीतरी सुचवतो म्हणून फार्मसीचा फॉर्म भरला जातो. आपल्या परिचयातील बऱ्याच मुलामुलींचा फार्मसीतील प्रवेश असाच झालेला असतो. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. पुष्कळ चांगली माणसे आपापल्या व्यवसायात अशीच अचानक आलेली आहेत. अडचण पुढे येते. दोन किंवा चार वर्षे अभ्यास होतो, परीक्षा पास होते, घरी पेढे वाटले जातात आणि त्यानंतर विद्यार्थी येऊन विचारतो, "सर, आता पुढे काय करू?" खरे म्हणजे हा प्रश्न पहिल्या वर्षीच विचारावयास हवा. परंतु ज्या घरात या व्यवसायातले आधी कोणीच नाही, त्या घरातील मुलाला हे सांगणारे कोणी भेटत नाही. औषध दुकानदाराच्या मुलाला ज्या गोष्टी जेवणाच्या पाटावर कळतात, त्या आपल्या मुलाला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळतात. तेवढे अंतर कमी व्हावे, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नोंदणीचे महत्त्व

फार्मसीत पदवीइतकेच, किंबहुना काही ठिकाणी पदवीहूनही अधिक, महत्त्व नोंदणीला आहे. याचे कारण इतिहासात आहे. १९३० साली तत्कालीन सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. देशात निकृष्ट व भेसळीची औषधे सर्रास विकली जात होती आणि ती हाताळणाऱ्यांना शिक्षणाची कोणतीच अट नव्हती. समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला. १९३२ मध्ये प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माण शास्त्राचे शिक्षण सुरू केले. १९४० मध्ये औषधांविषयीचा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फार्मसी कायदा आला. या कायद्याच्या कलम ४२ चा आशय असा की, डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला दिलेले औषध वगळता, डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करणे, मिसळणे किंवा देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज अन्य कोणी करू नये.

हा नियम कागदावरचा वाटतो, म्हणून एक साधे गणित करून पाहू. दहा किलो वजनाच्या बाळाला ताप आला आहे. पॅरासिटामॉलची मात्रा किलोला १५ मिलिग्रॅम धरली, तर एका वेळेस १५० मिलिग्रॅम औषध लागेल. हे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रकारांत मिळते. पहिल्या बाटलीतून ६ मिलिलिटर द्यावे लागेल, दुसरीतून ३. आता चिठ्ठीवर १२५ ची बाटली व ६ मिलिलिटर असे लिहिले आहे, दुकानात १२५ ची बाटली संपलेली आहे आणि काउंटरवरील अशिक्षित मुलाने 'तेच औषध आहे' म्हणून २५० ची बाटली काढून दिली. बाळाच्या पोटात प्रत्येक वेळी दुप्पट औषध जाईल आणि आईला त्याचा पत्ताही लागणार नाही. हे थांबवणारा माणूस म्हणजे फार्मासिस्ट. कायद्याने त्याची सही मागितली आहे ती यासाठी.

प्रवेश घेण्यापूर्वी

या क्षेत्रात सध्या मुख्यतः तीन दरवाजे आहेत. डी.फार्म. हा दोन वर्षांचा डिप्लोमा व त्यानंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. बी.फार्म. ही चार वर्षांची पदवी. महाराष्ट्रात तिच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते. तिसरा फार्म.डी. हा २००८ मध्ये सुरू झालेला सहा वर्षांचा अभ्यासक्रम, ज्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिपचे असते. डी.फार्म. झालेल्यास बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. घरची परिस्थिती बेताची असेल आणि घरात लवकर पगार येणे गरजेचे असेल, तर आधी डी.फार्म. करून नोंदणी घ्यावी, वर्ष-दोन वर्षे काम करावे आणि मग बी.फार्म.ला जावे, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो. त्यात एक-दोन वर्षे जास्त जातात हे खरे, पण मधल्या काळात मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहतो.

डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२२ च्या नियमांनी डिप्लोमानंतर आणि नोंदणीपूर्वी एक एक्झिट परीक्षा आणली आहे. आपल्या तुकडीला ती कशी लागू आहे याची माहिती कॉलेजातून पहिल्या वर्षीच घ्यावी.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नये, मान्यता पाहावी. फार्मसी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे फार्मसी काउन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या संस्थेतून शिक्षण झाले असेल तरच फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते. मान्यता नसलेल्या कॉलेजचे गुणपत्रक कितीही चांगले असले तरी राज्य फार्मसी काउन्सिलच्या दारात त्याचा उपयोग नाही. २०१९ मध्ये काउन्सिलने नवीन कॉलेजांना पाच वर्षे स्थगिती दिली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्च २०२२ मध्ये रद्द केली व त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. त्यानंतर आपल्या राज्यात तालुक्या-तालुक्याला फार्मसी कॉलेजे निघाली. त्यांतील सर्वच वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत कॉलेजचे नाव आणि जागांची संख्या स्वतः तपासावी. "प्रस्ताव गेला आहे, मान्यता येईलच" असे कोणी सांगत असेल तर आपण दुसरे कॉलेज पाहावे.

पाचशे तासांचे काय करतो?

डिप्लोमानंतरचे प्रशिक्षण किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचे असते. १९९१ च्या शिक्षण नियमांत तर स्पष्ट म्हटले होते की, यांतील निदान २५० तास चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याच्या प्रत्यक्ष कामात गेले पाहिजेत. बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्रानंतर चार आठवड्यांत मिळून १५० तास कारखान्यात किंवा रुग्णालयात काम करावे असे सुचवले आहे. ते इष्ट म्हटले आहे, सक्तीचे नाही. त्यामुळे होते असे की, पुष्कळ विद्यार्थी ओळखीच्या दुकानातून किंवा कंपनीतून फॉर्मवर सही-शिक्का आणतात आणि ते तीन महिने घरी घालवतात. सहीचा फॉर्म मिळतो, पण पहिल्या मुलाखतीत त्याची किंमत मोजावी लागते.

प्रशिक्षणाच्या काळात दुकानात उभे राहिल्यावर नेमके काय शिकावे? औषधांच्या पाकिटावर 'शेड्यूल एच', 'एच-१', 'एक्स' असे छापलेले असते, त्याचा व्यवहारातील अर्थ शिकावा. एच-१ हा वर्ग २०१३ च्या अधिसूचनेने आला आणि १ मार्च २०१४ पासून अमलात आला. त्यातील औषध देताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. शेड्यूल एक्सच्या औषधास चिठ्ठी दोन प्रतींत लागते व तिची एक प्रत दुकानात दोन वर्षे ठेवावी लागते. फ्रीजमध्ये काय ठेवतात, मुदत संपलेला माल कोठे वेगळा ठेवतात, तो कंपनीकडे कसा परत जातो, डॉक्टरांचे अक्षर कसे वाचावे आणि शंका आल्यास डॉक्टरला फोन करून नम्रपणे कसे विचारावे, हे सर्व काउंटरवरच शिकता येते. एक शंभर पानी वही घ्यावी आणि दररोज दहा औषधांची मूळ नावे, मात्रा व सावधगिरी लिहावी. तीन महिन्यांत ही वही आपले पाठ्यपुस्तक होते.

सर्टिफिकेट भाड्याने देणे

आता अशा विषयाकडे वळतो, ज्यावर आपल्या मेळाव्यांत बोलणे टाळले जाते. नोंदणी झाली की काही दिवसांतच नवीन फार्मासिस्टकडे एखादा गृहस्थ येतो. त्याला औषधाचे दुकान काढायचे असते, परंतु तो स्वतः फार्मासिस्ट नसतो. तो म्हणतो, "तू फक्त सर्टिफिकेट दे. यायची गरज नाही. दरमहा घरबसल्या पैसे घे." नोकरी नसलेल्या मुलाला आणि त्याच्या आई-वडिलांना हे लक्ष्मी घरी चालून आल्यासारखे वाटते. मुलगा सर्टिफिकेट देतो आणि बऱ्याचदा दुसरीकडे भलतीच नोकरी करू लागतो.

यात तीन प्रकारचे नुकसान आहे. पहिले कायद्याचे. औषध नियमावलीतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. दुकानाच्या परवान्यावर नाव आपले असते. वर सांगितलेल्या बाळाचा प्रसंग त्या दुकानात घडला, तर चौकशीत आपले नाव येते आणि दुकानमालक 'फार्मासिस्टची जबाबदारी' म्हणून मोकळा होऊ पाहतो. फार्मसी कायद्याच्या कलम ३६ खाली गैरवर्तनाबद्दल नोंदवहीतून नाव कमी करण्याची तरतूद आहे. २०१२ च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट दुकानात हजर असलाच पाहिजे यासाठी कडक मोहीम उघडली, तेव्हा औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी विरोध केला, दुकाने बंद ठेवली. त्या गदारोळात एक गोष्ट सर्वांना दिसली, ती ही की अनेक दुकानांतील फार्मासिस्ट फक्त भिंतीवरील चौकटीत होता.

दुसरे नुकसान अनुभवाचे. चार वर्षे सर्टिफिकेट भाड्याने दिलेल्या मुलाला मी मुलाखतीत विचारले आहे की, एच-१ च्या वहीत काय काय लिहिता? त्याला सांगता आले नाही. कागदावर चार वर्षांचा अनुभव आणि हातात काहीच नाही, अशी अवस्था होते. तिसरे नुकसान सर्वांचे आहे. घरबसल्या थोड्या पैशांत सही मिळते म्हटल्यावर दुकानदार दिवसभर उभ्या राहणाऱ्या फार्मासिस्टला पुरता पगार का देईल? आपलाच मुलगा आपल्या दुसऱ्या मुलाचा पगार पाडतो. याउलट एखाद्या दुकानात खरोखर नोकरी करावयाची असेल, तर ती अवश्य करावी. नेमणुकीचे पत्र घ्यावे, पगार बँकेत घ्यावा आणि नोकरी सोडताना अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवून पोच घ्यावी. ही शेवटची पोच न घेतल्यामुळे सोडलेल्या दुकानाचे लचांड वर्षानुवर्षे मागे लागलेले लोक मी पाहिले आहेत.

औषध कारखाना आतून

बी.फार्म.चे बहुतेक विद्यार्थी "कंपनीत लागायचे" म्हणतात. कोणत्या कंपनीत, कोणत्या विभागात, हे विचारले की गप्प होतात. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

औषध कारखाने दोन जातींचे. एका जातीत औषधाचे मूळ रसायन तयार होते. त्याला बल्क ड्रग म्हणतात. तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत अशा रासायनिक प्रकारचे कारखाने पुष्कळ आहेत आणि तेथे रसायनशास्त्राचे पदवीधर व केमिकल इंजिनिअर यांना अधिक मागणी असते. दुसऱ्या जातीत त्या रसायनाची गोळी, कॅप्सूल, इंजेक्शन किंवा सिरप होते. हे फॉर्म्युलेशनचे कारखाने. फार्मसीवाल्याचे खरे घर हे. नाशिक, छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज, गोव्यातील वेर्णा अशा ठिकाणी ते आहेत. अर्ज करण्यापूर्वी कारखान्यात काय बनते हे माहीत करून घेतले, तर निम्मे अर्ज वाया जात नाहीत.

फॉर्म्युलेशनच्या कारखान्यात फार्मसीवाल्याला कायद्यानेच एक विशेष स्थान दिले आहे आणि ते बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. औषध नियमावलीच्या नियम ७१ प्रमाणे उत्पादन हे पात्र तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली झाले पाहिजे. फार्मसीच्या पदवीधरास त्यासाठी पदवीनंतर औषध उत्पादनातील १८ महिन्यांचा अनुभव पुरतो, रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.ला तीन वर्षे लागतात. या मान्यतेलाच कारखान्यांत 'अप्रूव्हल' म्हणतात. टॅब्लेट, कॅप्सूल, सिरप, इंजेक्शन अशा विभागांप्रमाणे ती घेतली जाते. नोकरीच्या जाहिरातीत 'एफ.डी.ए. अप्रूव्हड' असे शब्द असतात, त्यांचा अर्थ हाच. म्हणून पहिल्या नोकरीत पाचशे-हजार रुपये कमी मिळाले तरी चालतील, परंतु उत्पादनाचा सलग १८ महिन्यांचा अनुभव एका विभागात पुरा करावा. पंधराव्या महिन्यात नोकरी बदलणारे आणि प्रत्येक ठिकाणी नवा विभाग घेणारे उमेदवार शेवटी सर्वांच्या मागे राहतात. डिप्लोमाधारकांना मात्र कारखान्यातील ही वाट अरुंद आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

कारखान्यात उत्पादनाखेरीज क्यू.सी. आणि क्यू.ए. हे दोन विभाग असतात. नवख्यांचा येथे नेहमी घोटाळा होतो. क्यू.सी. म्हणजे प्रयोगशाळा. कच्चा माल व तयार माल तपासून तो ठरलेल्या कसोटीस उतरतो किंवा नाही, हे ती सांगते. क्यू.ए. ही सर्व कारखान्याच्या पद्धतीवर नजर ठेवते: काम लिहून ठेवलेल्या पद्धतीने झाले का, नोंद त्याच वेळी केली का, चूक झाली तर तिचे कारण शोधले का. उत्तम उत्पादन पद्धतीचे नियम 'शेड्यूल एम' मध्ये आहेत आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते नव्याने व अधिक कडक करण्यात आले. त्यामुळे ज्याला नोंदी व्यवस्थित लिहिता येतात, अशा मुलामुलींची गरज वाढली आहे. सुधारित शेड्यूल एम वाचून मुलाखतीस गेलेला उमेदवार समोरच्याच्या चटकन लक्षात राहतो.

मुलाखतीतील प्रश्न फार कठीण नसतात. परंतु ते पुस्तकाच्या कडेकोपऱ्यातले नसून रोजच्या कामातले असतात. गोळी पाण्यात किती वेळात विरघळून सुटली पाहिजे? साध्या गोळीस १५ मिनिटे, फिल्म कोटिंग असेल तर ३०, साखरेचे कोटिंग असेल तर ६० मिनिटे. गोळ्यांच्या वजनात किती फरक चालतो? भारतीय औषधकोशाप्रमाणे ८० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी वजनास १० टक्के, ८० ते २५० च्या दरम्यान साडेसात टक्के, २५० व त्यापुढे ५ टक्के. गोळ्यांची झीज सर्वसाधारणपणे एक टक्क्यापेक्षा जास्त नसावी. हे आकडे पाठ करणे सोपे आहे. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा असतो: "समजा गोळी ४० मिनिटे झाली तरी सुटत नाही, तर तुम्ही काय कराल?" येथे पुष्कळ विद्यार्थी "बाइंडर कमी करू" असे उत्तर देतात. अपेक्षित उत्तर असे की, प्रथम वरिष्ठांना व क्यू.ए.ला कळवीन, ती बॅच वेगळी ठेवीन, नोंद करीन, आणि मग कारण शोधू. बाइंडर जास्त पडला काय, गोळी फार कठीण दाबली गेली काय, ही चर्चा नंतरची. ज्याला हा क्रम कळला त्याची निवड होण्यास अडचण पडत नाही, मग त्याचे इंग्रजी थोडे अडखळते असले तरी.

कारखान्यात पाळ्या असतात, रात्रपाळीही असते. मुलीच्या पालकांनी कंपनीची बस कोठून सुटते, राहण्याची सोय काय, हे मोकळेपणाने विचारावे. तेवढ्यावरून नोकरी नाकारण्याची घाई करू नये.

सरकारी नोकऱ्या

जिल्हा परिषदेत व शासकीय रुग्णालयांत 'औषध निर्माण अधिकारी' हे पद असते. त्यासाठी डिप्लोमा किंवा पदवी आणि नोंदणी लागते. रेल्वे भरती मंडळ व कर्मचारी राज्य विमा महामंडळ यांच्यातर्फेही फार्मासिस्टची भरती होते. रेल्वेतील या पदाचे प्रारंभीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात २९,२०० रुपये ठरले. लष्करात सिपाई फार्मा म्हणून भरती असते. औषध निरीक्षक हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते, त्यास फार्मसीची पदवी लागते. अनुभवाची अट त्या-त्या जाहिरातीत काळजीपूर्वक वाचावी.

सरकारी नोकरीची तयारी अवश्य करावी, पण तिची वाट पाहत घरी बसू नये. मार्च २०१९ मध्ये निघालेली जिल्हा परिषदांची भरतीची जाहिरात परीक्षा न होताच रद्द झाली आणि नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये आली. मधली चार वर्षे ज्यांनी रुग्णालयात किंवा दुकानात काम केले, त्यांच्या हातात अनुभव होता. जे खोलीवर बसून फक्त वाट पाहत राहिले, त्यांचे वय तेवढे वाढले.

येथे आपल्या विद्यार्थ्यांसाठी कागदपत्रांची सूचना. जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र अकरावी-बारावीतच काढून ठेवावे; प्रवेशाच्या घाईत समितीकडे खेटे घालणे फार त्रासाचे असते. राज्याचा आणि केंद्राचा दाखल्याचा नमुना वेगळा असतो. रेल्वे वा इतर केंद्रीय भरतीसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला आधीच करून घ्यावा. शिष्यवृत्ती व फीमाफीचे अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी भरावे लागतात. एका वर्षी राहिले की पुढे घोळ होतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

इतर वाटा

मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची नोकरी लवकर मिळते. बोलण्याची आवड आणि फिरण्याची तयारी असेल तर ती चांगली. टार्गेटचा ताण सोसत नसेल तर नाही. रुग्णालयातील फार्मासिस्टचे काम शिकण्यासारखे आहे.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचे काम हे एक नवे क्षेत्र झाले आहे. भारताचा औषध दक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात असून अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत. कंपन्यांसाठी हेच काम करणारी कार्यालये पुण्या-मुंबईत आहेत. टेबलावर बसून, संगणकावर, स्वच्छ इंग्रजीत लिहिण्याचे हे काम आहे. त्यासाठी रोज एक परिच्छेद इंग्रजीत लिहिण्याची सवय दुसऱ्या वर्षापासून लावावी.

एम.फार्म. करावयाचे असेल तर जीपॅट ही परीक्षा द्यावी. ती उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळण्याची सोय आहे. मोहालीसह देशात सात ठिकाणी नायपर या केंद्रीय संस्था आहेत, त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. नोकरी मिळत नाही म्हणून एम.फार्म. करणे मात्र मला पटत नाही. विषयाची गोडी असेल तरच करावे.

परदेशाबद्दल एकच इशारा. अमेरिकेत परदेशी फार्मासिस्टसाठी जी पात्रता परीक्षा असते, तिला २००३ पासून पदवीधर झालेल्यांसाठी किमान पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट आहे. आपले चार वर्षांचे बी.फार्म. तेथे अपुरे पडते, फार्म.डी. चालते. हे न सांगता क्लासची फी घेणारे लोक आहेत. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यालाही, मग तो ओळखीचा का असेना, दारातूनच परत पाठवावे.

स्वतःचे दुकान काढावयाचे असेल तर किरकोळ विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर जागा, फ्रीज आणि अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. शेजारी दवाखाना आहे की नाही, हे जागेच्या भाड्यापेक्षा आधी पाहावे. जनऔषधी केंद्राचाही विचार करावा; त्या योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या व महिला अर्जदारांसाठी विशेष प्रोत्साहनाची तरतूद ठेवण्यात आली आहे. कर्जासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात योजनांची माहिती मिळते. निदान दोन वर्षे दुसऱ्याच्या दुकानात खरेदी आणि उधारी सांभाळल्याखेरीज स्वतःचे दुकान काढू नये, असे माझे मत आहे.

नोकरीचा अर्ज करताना

आपल्या कॉलेजातून मागील पाच वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची यादी करावी: कोण कोठे आहे, कोणत्या विभागात आहे. बहुतेक जागा जाहिरात येण्यापूर्वी अशाच ओळखीतून भरल्या जातात. ज्येष्ठ विद्यार्थ्यास "मला कोठेतरी चिकटवा" असे म्हणू नये. "तुमच्याकडे टॅब्लेट विभागात शिकाऊ जागा कधी निघतात?" असे विचारावे, म्हणजे त्यालाही उत्तर देता येते. संस्थेच्या सभासदांपैकी जे कारखान्यांत, रुग्णालयांत व शासकीय सेवेत आहेत, त्यांनी आपली नावे कार्यालयात नोंदवून ठेवली तर विद्यार्थ्यांची ही पायपीट पुष्कळ वाचेल. शिकाऊ उमेदवारीच्या जागांसाठी मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे नाव नोंदवता येते.

अर्ज एका पानाचा असावा. त्यात शिक्षण, नोंदणी क्रमांक, प्रशिक्षण कोठे व किती तास झाले, आणि कोणती यंत्रे स्वतः हाताळली एवढे पुरे. जे यंत्र फक्त लांबून पाहिले आहे ते लिहू नये, कारण पहिला प्रश्न त्यावरच येतो. मूळ गुणपत्रके कोणाकडेही ठेवू नयेत, साक्षांकित प्रती द्याव्यात. नोकरी लागल्यावर नेमणूक पत्र, दर महिन्याची पगाराची पावती आणि सोडताना अनुभवाचा दाखला एका फाइलमध्ये लावून ठेवावा. त्या दाखल्यावर नोकरीच्या दोन्ही तारखा आणि विभागाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे किंवा नाही, हे तेथेच वाचून घ्यावे. अप्रूव्हलच्या अर्जासोबत तोच दाखला जोडावा लागतो, आणि नुसते 'कंपनीत काम केले' एवढेच लिहिलेले असेल तर १८ महिने भरल्याचे दाखवता येत नाही.